कॅमेऱ्यातून दूरचे आकाश : नवशिक्याची पहिली पावले

(भिवंडी येथे शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माहिती खात्यात काम करणाऱ्या माणसाचा छायाचित्रांशी नित्याचा संबंध येतो. उद्घाटने, मेळावे, पाहणी दौरे, पीकपरिस्थिती यांची छायाचित्रे आमच्या टेबलावर रोज येऊन पडतात. ही छायाचित्रे सेकंदाच्या शंभराव्या भागात घेतली जातात. आज ज्या छायाचित्रांविषयी मी बोलणार आहे, त्यांतील एकेक घेण्यास मात्र कित्येक मिनिटे, प्रसंगी संपूर्ण रात्र लागते. ज्याचे चित्र घ्यावयाचे, त्याच्याकडून निघालेला प्रकाश शेकडो, हजारो, कधी लाखो वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत आलेला असतो. मी कला शाखेचा पदवीधर आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण इतकेच, की या छंदासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. साधा कॅमेरा, घट्ट तिवई आणि चिकाटी एवढी सामग्री आरंभास पुरते. चौथी गोष्ट जी लागते ती म्हणजे अंधार. तो बाजारात मिळत नाही. त्याच्याविषयी मी शेवटी बोलेन, कारण तो विषय प्रामुख्याने आपल्या हातातील आहे.

डोळा आणि कॅमेरा

सूर्य, चंद्र, ग्रह आणि धूमकेतू ही आपल्या सूर्यमालेतील मंडळी. त्यांच्या पलीकडे ताऱ्यांचे गुच्छ आहेत, वायू आणि धूळ यांचे तेजोमेघ आहेत आणि आपल्या आकाशगंगेसारख्या असंख्य दीर्घिका आहेत. यांतील बहुतेक वस्तू अतिशय मंद दिसतात. आपला डोळा प्रकाश साठवू शकत नाही. क्षणाचा एक लहानसा भाग सरला की तो नवे चित्र घेतो आणि जुने सोडून देतो. त्यामुळे एखाद्या तेजोमेघाकडे आपण तासभर टक लावून पाहिले, तरी तो पहिल्या काही मिनिटांनंतर अधिक तेजस्वी दिसू लागत नाही. कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याचे छिद्र उघडे असेपर्यंत आत येणारा प्रत्येक किरण जमेस धरला जातो.

या गुणाचा उपयोग प्रथम अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी केला. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्यासाठी काच ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचे जे चित्र घेतले, त्यात दुर्बिणीतूनही डोळ्यांना न दिसणारे तारे उमटले होते. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्‌स यांच्या काचेवर देवयानीतील अंधुक ढगाचे सर्पिल रूप प्रकट झाले. आणि १९२३ मध्ये एडविन हबल यांनी अशाच काचांवर देवयानीमध्ये रूपविकारी तारा ओळखला; तो ढग आपल्या आकाशगंगेच्या बाहेरील स्वतंत्र दीर्घिका आहे, हे त्यातून सिद्ध झाले. विश्वाची आपली कल्पना ज्यांनी पालटली, त्या साधनांत छायाचित्राची काच अग्रस्थानी आहे.

महाराष्ट्राची परंपरा

या कार्यात महाराष्ट्र मागे नव्हता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकांनी भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून आणि सरकारी साहाय्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक वेधशाळा उभी केली. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाविषयीचे त्यांचे निरीक्षण १८९१ मध्ये इंग्लंडच्या खगोलशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला आणि ग्रहणाची छायाचित्रे घेतली. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली.

तथापि परंपरा खंडित झाली नाही. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. १९७७ मध्ये मुंबईत वरळीला नेहरू तारांगण सुरू झाले. हॅलेचा धूमकेतू येण्याच्या सुमारास, १९८५ मध्ये, मुंबईत खगोल मंडळाची स्थापना झाली. आपल्याच ठाणे जिल्ह्यात बदलापूरच्या पुढे वांगणी येथे या मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत आले आहेत. नवशिक्याने अशा एखाद्या कार्यक्रमास एकदा तरी जावे. नक्षत्रे ओळखता येऊ लागल्याखेरीज कॅमेरा कोणीकडे रोखावा हेच कळत नाही.

पहिले चित्र आणि पहिला धडा

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आरंभासाठी मृग नक्षत्रासारखे दुसरे लक्ष्य नाही. जानेवारीच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास ते आपल्याकडे दक्षिणेस पुष्कळ उंचावर येते. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खालच्या बाजूस मंद ताऱ्यांची एक लहानशी ओळ दिसते. तिच्या मध्यभागी जो धूसर ठिपका आहे, तोच सुमारे १,३४० प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ. तेथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत.

कॅमेरा तिवईवर बसवावा. भिंगाचे छिद्र बहुतांशी उघडावे, संवेदनक्षमता १६०० च्या आसपास ठेवावी आणि चित्र कच्च्या स्वरूपात, म्हणजे ‘रॉ’ फाईलमध्ये नोंदवावे. भिंगावरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून पाहावा आणि तो अगदी बारीक होईपर्यंत भिंग फिरवावे. बटण बोटाने न दाबता कॅमेऱ्यातील दोन सेकंदांच्या विलंबाची सोय वापरावी, म्हणजे धक्का बसत नाही.

पहिलेच चित्र तीस सेकंदांचे घेतले, की प्रत्येक तारा ठिपक्याऐवजी लहानशी रेघ होऊन उमटतो. विद्यार्थ्यांसमवेत असे एक चित्र अवश्य घ्यावे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आपण पुस्तकातून शिकवतो. येथे मुलांना ते फिरणे कागदावर मोजता येते. एका तासात आकाश १५ अंशांनी सरकते. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा, की ५०० या संख्येस भिंगाच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे; जे उत्तर येईल तितके सेकंद तारे बिंदुरूप राहतात. ५० मिलिमीटरच्या भिंगास हे उत्तर १० सेकंद येते. आजच्या कॅमेऱ्यांचे चित्रबिंदू फार सूक्ष्म असल्याने हा नियम सैल पडतो. त्याच्या निम्मा, म्हणजे चार-पाच सेकंदांचा काळ धरणे इष्ट.

थेंबे थेंबे तळे

चार सेकंदांत तेजोमेघ कितीसा उमटणार, हा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर साठवणुकीत आहे. एका चित्राऐवजी तशीच शंभर चित्रे घ्यावीत आणि संगणकावर ती एकमेकांवर नेमकी जुळवून त्यांची सरासरी काढावी. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल या नावांचे संगणकीय कार्यक्रम हे काम करतात आणि ते विनामूल्य मिळतात. खरा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो. कॅमेऱ्यातील विजेमुळे उमटणारे खोटे ठिपके मात्र दर वेळी वेगळ्या जागी येतात आणि सरासरीत विरून जातात. शंभर चित्रांच्या सरासरीत हा खडबडीतपणा सुमारे दहाव्या हिश्शावर येतो. भिवंडीकरांना हे समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नाही. एक धागा हाताने तुटतो. तेच हजार धागे मागावर एकत्र आले की कापड होते.

याच वेळी भिंगावर झाकण ठेवून तितक्याच सेकंदांची वीसेक काळी चित्रे घ्यावीत. कॅमेऱ्याचे स्वतःचे कायमचे दोष त्यांत उमटतात आणि संगणक ते मूळ चित्रातून वजा करतो. चित्र तयार झाल्यावर मृगाचा तेजोमेघ गुलाबी छटेचा दिसतो, डोळ्यांना मात्र तो राखाडी दिसला होता. ही छटा हायड्रोजन वायूच्या तांबड्या प्रकाशाची असते. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत.

येथे एक पथ्य सांगतो. संगणकावर चित्र उजळता येते, तसे ते बनवताही येते. आकाशात नाही ते चित्रात आणू नये. प्रत्येक चित्राखाली ठिकाण, दिनांक, वेळ, भिंग आणि उघडझापीचे एकूण सेकंद लिहावेत. मजकुराविना छायाचित्र ही निम्मी माहिती होय, हे आमच्या खात्यातील जुने तत्त्व येथेही लागू आहे.

सुताराकडून करून घेण्याजोगे साधन

याहून दीर्घ काळ छिद्र उघडे ठेवावयाचे असेल, तर कॅमेऱ्याने आकाशाबरोबर फिरले पाहिजे. यासाठी मिळणारी यंत्रे महाग असतात. परंतु स्कॉटलंडमधील एका हौशी निरीक्षकाने १९७० च्या दशकात सुचविलेली एक युक्ती कोणत्याही शाळेस परवडण्यासारखी आहे. दोन फळ्या बिजागरीने जोडाव्यात. बिजागरीच्या रेषेपासून २२८ ते २२९ मिलिमीटरवर खालच्या फळीत सहा मिलिमीटर जाडीचा, एका फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे सरकणारा बोल्ट बसवावा. वरच्या फळीवर कॅमेरा ठेवावा आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत बोल्ट मिनिटास एक फेरा या गतीने फिरवावा. वरची फळी आकाशाच्याच गतीने उघडत जाते आणि पाच-सात मिनिटांपर्यंत काम चोख होते. हे २२८ मिलिमीटर कोठून आले, याचे गणित दहावीच्या विद्यार्थ्यांना घालावे. यंत्रमागांच्या या शहरात असा बोल्ट अचूक बसवून देणारा कारागीर दर गल्लीत सापडेल.

बिजागरीची रेषा मात्र ध्रुवाकडे रोखलेली असावी. भिवंडी सुमारे १९ अंश अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा आपल्या उत्तर क्षितिजापासून १९ अंशच वर दिसतो. इमारतींच्या आड तो सहज लपतो. तेव्हा उत्तरेचे क्षितिज मोकळे असलेली जागा निवडावी.

कोकणातील ऋतू आणि लक्ष्ये

परदेशी पुस्तकांत उन्हाळी आकाशाची लक्ष्ये जून ते ऑगस्टमध्ये दिलेली असतात. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो. त्यामुळे वृश्चिक आणि धनू राशींमधील आकाशगंगेचा भरगच्च पट्टा आपण मार्च ते मे या काळात, उत्तररात्री किंवा पहाटे टिपावा. पाऊस सरल्यानंतरची ऑक्टोबरमधील हवा बहुधा सर्वांत स्वच्छ असते. भर हिवाळ्यात धूर आणि धूळ जमिनीलगत साचते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देवयानी दीर्घिका घ्यावी. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि दीर्घ छायाचित्रात तिचा विस्तार पूर्णचंद्राच्या सहापट भरतो. थंडीत कृत्तिका आणि मृग, तर एप्रिल-मेमध्ये नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ घ्यावा. तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे २३ अंश वर येतो. लंडन-पॅरिसच्या निरीक्षकास तो घरबसल्या कधीच दिसत नाही. आपल्याला मात्र तो अंगणातून दिसतो.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा. रात्री गावाबाहेर जाताना सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी कळवावे, वनजमीन असल्यास परवानगी घ्यावी, एकट्याने जाऊ नये. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

एकच नक्षत्र, दोन ठिकाणे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकाच जानेवारीत मी मृगाची चित्रे दोन ठिकाणांहून घेतली. कॅमेरा तोच, भिंग तेच, चार सेकंदांची शंभर चित्रे हेही तेच. पहिली चित्रे भिवंडी शहरातील गच्चीवरून घेतली. आकाशाची पार्श्वभूमी करडी-नारिंगी आली. सर्व संस्कार केल्यावर तेजोमेघाचा मधला तेजस्वी भाग पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसला. शहरातूनही एवढे मिळते, ही नवशिक्याला धीर देणारी गोष्ट आहे. दुसरी चित्रे नाशिक महामार्गाने शहापूरच्या पुढे जाऊन घेतली. तेथे पार्श्वभूमी काळी आली आणि त्याच पाखराभोवती वायूच्या फिक्या लहरी दूरवर पसरलेल्या दिसल्या. त्या लहरींचा प्रकाश भिवंडीच्या गच्चीवरही तितकाच पडत होता. आपल्या दिव्यांच्या उजेडात तो बुडून गेला होता. शहापूरलाही रात्री एकनंतर मृग पश्चिमेकडे कलला, तसा तो ठाणे, भिवंडी, कल्याण यांच्या प्रकाशाच्या घुमटात शिरू लागला.

हा घुमट कशाचा बनतो? आपला दिवा रस्त्यावर पडण्याऐवजी जो प्रकाश वर आणि आडवा फेकतो, तो हवेतील धूळ, बाष्प आणि वायूंच्या रेणूंवर विखुरतो आणि सारे आकाश उजळून टाकतो. पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांत निळा प्रकाश अधिक असतो आणि हवा निळा प्रकाशच अधिक विखुरते. महामार्गालगतची गोदामे, त्यांच्या अंगणांतील प्रखर झोतदिवे, चौकाचौकांतील हायमास्ट आणि उघडे पथदिवे या सर्वांचा त्यात वाटा आहे. आकाशाकडे गेलेला प्रत्येक किरण विकत घेतलेल्या विजेचा आहे. त्याचे बिल ज्या निधीतून भरले जाते, तो निधी गावाचाच आहे.

गाव अंधारात ठेवा, असे मी म्हणत नाही. रात्रपाळीवरून घरी परतणाऱ्या कामगाराला आणि शिकवणीवरून येणाऱ्या मुलींना रस्त्यावर उजेड हवाच. परंतु डोळ्यांवर येणारा उघडा दिवा माणसाला दिपवतो आणि त्याच्या मागील सावलीत काय आहे ते दिसू देत नाही. टोपी घातलेला, खाली रोखलेला दिवा कमी विजेत रस्ता अधिक स्पष्ट दाखवतो. ग्रामपंचायतींना तीन गोष्टी करता येतील. नवीन दिवे घेताना ज्यांचा सर्व प्रकाश खालीच पडतो असे दिवे निवडावेत. त्यांचा रंग पिवळसर, ३००० केल्विन किंवा त्याहून कमी असावा. आणि जाहिरातफलक, क्रीडांगणे, कमानी यांचे दिवे मध्यरात्रीनंतर आपोआप बंद होण्याची व्यवस्था करावी. काजवे आणि रात्री उडणारे पक्षी यांच्यावरही याने उपकार होतील.

हे केवळ कल्पनेतील नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले आणि आशियातील पाचवे ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी तेथील गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून खाली रोखलेले दिवे बसविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत आणि आकाश मात्र परत मिळाले. भिवंडी तालुका पेंच होणार नाही, हे उघड आहे. तथापि पडघ्यापासून वज्रेश्वरी-गणेशपुरीपर्यंतच्या ज्या गावांवर अद्याप काही तारे शिल्लक आहेत, ते राखणे आपल्याला शक्य आहे.

शाळांसाठी एक उपक्रम

शेवटी एक सूचना. प्रत्येक शाळेने दरवर्षी मार्गशीर्ष अमावास्येच्या आगेमागे, निरभ्र रात्री दहा वाजता, शाळेच्या पटांगणातील एकाच ठरावीक जागेवरून मृग नक्षत्राचे एक छायाचित्र घ्यावे. कॅमेरा नसेल तर तिवईवर घट्ट बसविलेला मोबाईलही चालेल. मात्र सेकंद आणि संवेदनक्षमता दरवर्षी तीच ठेवावी. मृगाच्या चौकोनात नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसले, तेही मुलांनी मोजून वहीत लिहावे. २००६ पासून ‘ग्लोब ॲट नाईट’ या उपक्रमात निरनिराळ्या देशांतील नागरिक अशाच नोंदी करीत आले आहेत.

पाच वर्षांनी या पाच चित्रांत गावाच्या आकाशाचा लेखाजोखा तयार होईल. ग्रामसभेपुढे दिव्यांचा विषय येईल, तेव्हा भाषणांपेक्षा ही पाच चित्रे आणि ती वही अधिक बोलतील. शिक्षकांनी चित्रे जमवावीत, सदस्यांनी ती ग्रामसभेत मांडावीत आणि दिव्यांची खरेदी करताना ती समोर ठेवावीत, एवढीच माझी विनंती आहे. येत्या मार्गशीर्षात आपल्या तालुक्यातील पहिल्या शाळेने पहिले चित्र घेतले, तर त्याखालील मजकूर लिहून देण्याचे काम मी आनंदाने करीन.